वखारीतल्या वह्या आणि गावचे ग्रंथालय

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत व्यापारी घरांच्या माळ्यावरून दरवर्षी काही गाठोडी खाली येतात. लाल कापडात बांधलेले रोजमेळ, खतावण्या, हुंड्यांच्या नकला, उधारीच्या वह्या. काही मोडीत, काही गुजरातीत, काही महाजनी वळणाच्या अक्षरांत. ती अक्षरे वाचू शकणारी घरातील शेवटची पिढी केव्हाच निघून गेलेली असते. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर नवी वही मांडली जाते, आणि जुनी किलोच्या भावाने रद्दीवाल्याच्या तागडीत पडते. त्या व्यवहारात घराला मिळतात थोडे रुपये. परिसराच्या पदरचे काय जाते, याचा हिशोब मात्र कोणी मांडत नाही.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या वाटेवरील सणसर आणि त्याची पंचक्रोशी या दृष्टीने विलक्षण आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीमार्गे येथे विसावते आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडीच्या रिंगणाकडे निघते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना, पलीकडे वालचंद हिराचंद यांनी माळरानावर उभे केलेले वालचंदनगर ही या भागाची ओळख. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कालव्याला पाणी आले, तेव्हापासून कोरडवाहू ज्वारीच्या या मुलखात ऊस आला, गूळ आला, पेढ्या वाढल्या. या साऱ्या स्थित्यंतराची नोंद सरकारी कागदांत जशी आहे, तशीच ती दुकानांच्या वह्यांतही असणार. ज्वारीचा भाव कोणत्या महिन्यात किती होता, दुष्काळात उधारी किती वाढली, गुळाच्या ढेपा कोणत्या बाजारास गेल्या, हे वहीइतके नेमके दुसरे काही सांगत नाही.

वह्यांचे मोल या परिसराला एकदा फार निराळ्या रीतीने कळले होते. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. जमावाला हवे होते ते धन नव्हे, तर कर्जरोखे आणि हिशोबाच्या वह्या. त्या जाळण्यात आल्या. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेली तेजी ओसरली होती, जमीन महसूल वाढला होता, आणि न वाचता अंगठा दिलेला कागद न्यायालयात शेतकऱ्याविरुद्ध उभा राहत होता. सावकारांत गुजर व मारवाडी घरे बहुसंख्य होती. हे वाचताना आजच्या व्यापारी कुटुंबांना अवघडल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे, पण अवघडलेपण हे कागद नष्ट करण्याचे कारण होऊ शकत नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने सावकाराला पावती आणि हिशोबाचा उतारा देणे भाग पाडले. म्हणजे वादाचे मूळ जसे वहीत होते, तसा त्यावरील उपायही वहीतच शोधला गेला. त्या घटनेची हकीकत आज मुख्यतः सरकारी चौकशीच्या अहवालातून कळते. ज्या वह्या वाचल्या, त्यांत कठोर व्याज आढळेल, तशी दुष्काळात सोडून दिलेली बाकीही आढळेल. दोन्ही आढळू द्यावे.

जपणूक म्हणजे कुलूप, अशी एक समजूत जैन समाजात जुनी आहे. तिच्यामागे कारणही होते. आक्रमणे, ओल, वाळवी यांतून जेसलमेर व पाटणची ज्ञानभांडारे टिकली ती कडक बंदोबस्तामुळेच, आणि विदर्भातील कारंजाच्या शास्त्रभांडारांचीही कथा वेगळी नाही. परंतु कुलपाची दुसरी बाजू मूडबिद्रीने दाखवून दिली. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्रांचे शतकानुशतके दर्शन घेतले जाई, वाचन मात्र होत नसे. ती पत्रे जीर्ण होत चालल्याची चिंता ज्यांना लागली, त्यांत सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद हे दोन व्यापारी होते. त्यांच्या खटपटीने नकला करण्याचे काम सुरू झाले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून संपादन हाती घेतले, १९३९ साली पहिला खंड छापून आला, आणि सोळा खंड पूर्ण होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. ज्या ग्रंथाला लोक दुरून हात जोडत होते, तो आज अभ्यासकाच्या मेजावर उघडा असतो. याच हिराचंद नेमचंद यांच्या नावाचे सार्वजनिक वाचनालय सोलापुरात आहे, ही गोष्ट केवळ योगायोगाची म्हणता येत नाही.

सार्वजनिक ग्रंथालय आणि भांडार यांतील फरक नेमका येथे आहे. ग्रंथालयाच्या वृत्तपत्र विभागात कोणीही यावे, बसावे, वाचावे. सभासदत्व लागते ते पुस्तक घरी नेण्यासाठी. हमालाचा मुलगा आणि अडत्याचा मुलगा एकाच बाकावर स्पर्धा परीक्षेची तयारी करताना दिसतो, तो या मुक्तद्वार पद्धतीमुळे. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याभोवती वसणाऱ्या वस्त्यांतील मुलांनाही हे दार बंद नसावे, अशी अपेक्षा आहे. ती प्रत्येक गावात पुरी होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

या दारामागची आर्थिक व्यवस्था फार थोड्या सभासदांना ठाऊक असते. ग्रंथालयाचा कायदा करण्याचा देशातील पहिला मान कोल्हापूर संस्थानाकडे जातो, तो १९४५ चा. त्यानंतर १९४८ मध्ये मद्रास प्रांताने, रंगनाथन यांच्या प्रेरणेने, कायदा केला आणि त्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर बसविला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यात असा उपकर नाही. येथे ग्रंथालये चालवितात त्या स्थानिक लोकांनी स्थापलेल्या नोंदणीकृत संस्था. शासन त्यांना अ, ब, क, ड अशा दर्जानुसार परिरक्षण अनुदान देते, आणि उरलेली बाजू गावाने सांभाळायची असते. या पद्धतीत स्वातंत्र्य आहे, पण गाव थकले की ग्रंथालयही थकते. २०१२ साली राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. कागदावरच चालणारी काही ग्रंथालये तीत उघडी पडली, आणि त्यानंतर नव्या मान्यता व दर्जावाढ दीर्घकाळ थांबली. शिक्षा झाली ती प्रामाणिक संस्थांनाही. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढीचा निर्णय झाला, तो स्वागतार्हच होता. तथापि लहान गावात एकटा ग्रंथपाल दार उघडतो, झाडू मारतो, नोंदवही लिहितो आणि महिन्याकाठी जे मानधन घेतो, ते दुकानातील नोकराला सांगितले तर तो कामावर येणार नाही.

म्हणून व्यापारी कुटुंबांनी ग्रंथालयाकडे केवळ देणगीच्या पावतीपुरते पाहू नये. तेथे घेण्यासारखेही पुष्कळ आहे. मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके तशीच उतरवून घेता येतात, बालभारतीची पाठ्यपुस्तकेही. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेल्या नॅशनल डिजिटल लायब्ररीत शालेय अभ्यासापासून संशोधनापर्यंतचे साहित्य आहे. आगम व जैन वाङ्मयासाठी जैन ई-लायब्ररी हे मोठे दालन खुले आहे. पुणे जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटियर तर प्रत्येक जुन्या पेढीच्या वारसाने एकदा चाळावे असे आहे. बाजार, रस्ते, व्याजाचे दर, गावांची वर्णने त्यात आहेत. हे सारे मोबाइलवर मिळते हे खरे. मात्र मिळते हे सांगणारे कोणीतरी लागते, आणि आजीला अक्षर मोठे करून देणारेही. चांगला ग्रंथपाल ते करतो. ज्या ग्रंथालयात संगणक नाही, तेथे त्याची मागणी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतून, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत करता येते. अर्ज वेळेवर व पूर्ण कागदपत्रांसह करावा लागतो, आणि हिशोब नेटका ठेवणे ही तर या समाजाची परंपरागत विद्या. ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाला लेखापरीक्षणाचे कागद तयार करून देणारा एखादा तरुण सनदी लेखापाल हजार रुपयांच्या देणगीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

वर्षातील काही दिवस ग्रंथालयांत कार्यक्रमांचे असतात, ते दुकानाच्या दिनदर्शिकेवर आधीच टिपून ठेवावेत. १२ ऑगस्ट हा रंगनाथन यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिन असतो. नोव्हेंबरच्या १४ ते २० तारखांत राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह, आणि २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन. ३ ऑक्टोबर या तारखेची त्यांत अलीकडे भर पडली. २०२४ साली त्या दिवशी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच निर्णयात प्राकृतलाही तो मिळाला, ही बातमी जैन घरांत जितकी साजरी व्हावयास हवी होती तितकी झाली नाही. मराठीचे मूळ महाराष्ट्री प्राकृतात, आणि श्वेतांबर आचार्यांचे विपुल कथावाङ्मय त्याच प्राकृताच्या जैन महाराष्ट्री रूपात. एका दिवशी दोन्ही भाषांचा सन्मान होतो, तर सणसर-बारामतीच्या एखाद्या ग्रंथालयात प्राकृत व मराठी पुस्तके शेजारी मांडून छोटे प्रदर्शन भरविणे अवघड नाही. बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमी; बाबूजी नाईक यांच्यासारख्या सावकारी घराण्याच्या आश्रयाने तेथे काव्य वाढले. तेव्हा पेढी आणि पोथी यांचे नाते या मुलखाला नवे नाही.

श्रुतपंचमी व ज्ञानपंचमीला घरोघरी शास्त्रांची पूजा होते, पोथ्यांवरील धूळ झटकली जाते, वेष्टने बदलली जातात. ज्ञानपंचमी कार्तिकात, दिवाळीनंतर लगेच येते. आवराआवरीत निघालेले गाठोडे तोवर बाजूला ठेवावे, हे सोपे. पुढील काम क्रमाने करावे. वह्या उन्हात न टाकता सावलीत वाऱ्यावर ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत, कारण ओल आत अडकते. स्वच्छ सुती कापड उत्तम. टेप अथवा डिंक लावून फाटकी पाने जोडू नयेत. प्रत्येक गाठोड्यात एक चिठ्ठी ठेवून तीवर घराचे नाव, गाव, धंदा आणि ठाऊक असेल तर काळ लिहावा. पाने क्रमाने मोबाइलवर टिपून घ्यावीत. मोडी वाचणारा न सापडल्यास पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळाकडे चौकशी करावी. १९१० साली राजवाडे व मेहेंदळे यांनी स्थापिलेली ही संस्था अशाच घराघरांतील दफ्तरांवर उभी राहिली. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्गही घेतले जातात. हस्तलिखित पोथी असेल तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचा विचार करावा. तेथील संग्रहातील जैन हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची प्रा. हिरालाल कापडिया यांनी सिद्ध केलेल्या आहेत. गावच्या ग्रंथालयाने मूळ कागद सांभाळण्याचा अट्टहास करू नये. त्याच्याकडे ना तशी जागा असते, ना वाळवीवरील औषधाचा खर्च. त्याने छायाप्रती ठेवाव्यात आणि मूळ कोठे आहे याची नोंद ठेवावी.

छापील पुस्तके देण्याचे शास्त्र निराळे. घरात नकोशी झालेली गतवर्षीची मार्गदर्शके, जुने जाहिरातअंक, लग्नपत्रिकांचे गठ्ठे ग्रंथालयाच्या दारात आणून ठेवणे म्हणजे दान नव्हे, तर आपली रद्दी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे. आधी ग्रंथपालाकडून हव्या असलेल्या पुस्तकांची यादी मागावी. बहुधा त्यात स्पर्धा परीक्षांची चालू वर्षाची पुस्तके, मुलांच्या गोष्टी आणि एखादे चांगले शब्दकोशाचे संच असतात. रोख रकमेऐवजी धनादेश द्यावा. करसवलत हवी असेल तर संस्थेकडे तशी मान्यता आहे का हे आधी विचारावे, आणि दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस ती वजावट मिळत नाही हे ध्यानात ठेवावे. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ती मुळातच नाही, त्यांनी पावती केवळ हिशोबासाठी ठेवावी.

आणि आषाढात पालखी सणसरला मुक्कामी येईल, तेव्हा अन्नदानाच्या मांडवाशेजारी ग्रंथालयाला एक टेबल लावू द्यावे. वारकऱ्यांत दुपारच्या विसाव्यात वाचणारे पुष्कळ असतात. मोठ्या टायपातील अभंगगाथा, त्या दिवशीची वृत्तपत्रे आणि दोनचार चष्मे एवढी सामग्री पुरते. चष्मे परत येतीलच असे नाही.