जुना खेळ नव्या यंत्रावर उतरवितांना

जुनी वस्तु नव्या ठिकाणीं नेतांना तिच्यांतील काय न्यावयाचें आणि काय मागें ठेवावयाचें, हा प्रश्न बिऱ्हाड बदलणाऱ्या गृहिणीपासून ग्रंथाचें भाषांतर करणाऱ्या पंडितापर्यंत सर्वांस पडतो. संगणकावर खेळ रचणाऱ्यांसही तो पडतो. आणि तेथें उत्तर चुकलें तर तें लपत नाहीं. खेळ हातीं घेतांच तो जिवंत राहिला आहे कीं नाहीं हें कोणाही मुलास कळतें. या प्रश्नाविषयीं आमचें मत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

उदाहरणासाठीं एक प्रसिद्ध खेळ घेऊं. १९८२ सालीं इंग्लंडांत ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नांवाचा घरगुती संगणक विक्रीस आला. त्याच्या थोरल्या प्रकाराची स्मृति अवघी ४८ किलोबाइट. पडद्यावर आडवे २५६ व उभे १९२ ठिपके. अशा तुटपुंज्या साधनांवर १९८४ सालीं ‘अल्टिमेट’ या संस्थेनें ‘नाइट लोर’ हा खेळ काढला. त्यांतील खोली समोरून सपाट दिसत नसे. एका कोपऱ्यावरून, किंचित् उंचावरून पाहावी तशी ती दिसे. दोन ठिपके आडवे गेल्यावर एक ठिपका वर, अशा तिरप्या रेघांनीं घन आकाराचा भास उत्पन्न होई. या पद्धतीस आयसोमेट्रिक म्हणतात. त्या खेळापासून स्फूर्ति घेऊन जॉन रिटमन व त्यांचे चित्रकार सहकारी बर्नी ड्रमंड यांनीं प्रथम ‘बॅटमॅन’ व पुढें १९८७ सालीं ‘हेड ओव्हर हील्स’ हे खेळ रचिले. यांपैकीं दुसरा खेळ आजही त्या काळच्या उत्कृष्ट कृतींत गणला जातो.

या खेळाचे नायक दोन. एकाचें नांव हेड व दुसऱ्याचें हील्स. ब्लॅकटूथ नांवाच्या साम्राज्यांत हेरगिरीस गेलेले हे दोघे पकडले जाऊन निरनिराळ्या ठिकाणीं अडकलेले असतात. हेड उंच उडी मारतो व हवेंत असतांनाही आपली दिशा बदलूं शकतो; परंतु त्याची चाल मंद. हील्स जलद धांवतो, आणि पिशवी मिळाल्यावर वस्तूही उचलून नेतो. परंतु त्याची उडी ठेंगणी. दोघे भेटले म्हणजे हेड हील्सच्या डोक्यावर बसतो, आणि मग दोघांचे गुण एकत्र येतात. सुमारें ३०० खोल्यांच्या या प्रवासांत कोठें एकट्यानें जावयाचें, कोठें दोघांनीं मिळून, आणि कोठें पुन्हा विलग व्हावयाचें, हें ओळखणें हाच खेळाचा सारा आनंद आहे.

आमच्या परिचयाचा एक विद्यार्थी गेल्या दिवाळीच्या सुट्टींत, अभ्यास म्हणून, या खेळांतील आठदहा खोल्या आपल्या नव्या संगणकावर पुन्हा रचीत होता. एका उंच कट्ट्यापाशीं हील्स वारंवार खालीं पडे. विद्यार्थ्यास वाटलें, एवढें बलवान् यंत्र हाताशीं असतां ही जुनी दैन्यावस्था कशाला? त्यानें आज्ञावलींतील एक आंकडा बदलला, आणि हील्सही हेडइतकीच उंच उडी मारूं लागला. दुसऱ्या दिवशीं तो आमच्याकडे खिन्न मुद्रेनें आला व म्हणाला, “सर, खेळ चालतो आहे, पण त्यांत कांहीं उरलेंच नाहीं.” त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. हील्सला हेडची गरज उरली नव्हती. आणि ज्या खोल्या त्या गरजेसाठीं रचलेल्या होत्या, त्या नुसत्या ओसाड दालनांसारख्या झाल्या होत्या.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, जुन्या खेळांत ज्या उणीवा दिसतात त्या दोन जातींच्या असतात. एक यंत्राची उणीव व दुसरी कर्त्यानें बुद्ध्या घातलेली मर्यादा. पहिली दूर करण्यास हरकत नाहीं. दुसरी मोडली तर खेळच मोडतो. खेळ नव्या यंत्रावर उतरविणाराचें खरें काम या दोहोंतील भेद ओळखण्याचें आहे, आणि तो ओळखण्यास चिकाटीनें मूळ कृति वाचण्यावांचून अन्य उपाय नाहीं.

यंत्राची उणीव कशी असते तें पाहा. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आठ ठिपके लांब व आठ ठिपके रुंद अशा चौकोनांत दोनच रंग दाखवितां येत. दोन रंगीत आकृत्या एका चौकोनांत आल्या कीं एकीचा रंग दुसरीस लागे. म्हणून अशा खेळांत खोलीचें चित्र बहुधा एकाच रंगांत काढीत. १९८९ सालीं हा खेळ अटारी एसटी व अमिगा या नव्या संगणकांवर आला, तेव्हां ही अडचण उरली नव्हती. स्मृतिही दसपट होती. तेथें नवे रंग भरले गेले यांत गैर कांहींच नाहीं. मात्र एकरंगी खोलींत वस्तूची कड जशी चटकन् डोळ्यांत भरे, तशीच ती नव्या रंगांतही भरली पाहिजे. कारण कोणती वस्तु पुढें व कोणती मागें हें कळल्याखेरीज उडीचा अंदाज बांधतां येत नाहीं.

कित्येकांस वाटेल कीं जुनी आज्ञावली जशीच्या तशी उचलून ठेवली म्हणजे झालें. तेंही होत नाहीं. मराठींत आपण ‘एकवीस’ म्हणतांना एकक आधीं उच्चारतों. इंग्रजींत ‘ट्वेंटी-वन’ म्हणतांना दशक आधीं येतो. स्पेक्ट्रममधील झेड-८० हा प्रोसेसर मोठी संख्या स्मृतींत मांडतांना लहान किमतीचा भाग आधीं ठेवतो. अमिगा व अटारी एसटी यांतील ६८००० हा प्रोसेसर मोठ्या किमतीचा भाग आधीं ठेवतो. संख्या न उलटतां नेल्या तर एकाचे एकवीस दुसऱ्यास बारा वाटावेत तसा गोंधळ होतो. आज्ञाही एकाच्या दुसऱ्यास कळत नाहींत. तेव्हां प्रत्येक ओळीचा हेतु समजून घेऊन ती नव्यानें लिहावी लागते.

काळाचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. ‘नाइट लोर’मध्यें खोलींत हालणाऱ्या वस्तु वाढल्या कीं यंत्रावर भार पडून सर्वच चाल मंदावे. त्या काळच्या पुष्कळ खेळांची गति अशी यंत्राच्या वेगावरच अवलंबून असे. जलद यंत्रावर तीच आज्ञावली मोकाट सोडली तर शत्रु डोळ्यांपुढून वाऱ्यासारखे निघून जातील. इतकेंच काय, सेकंदास ५० वेळां चित्र बदलण्याच्या हिशेबानें रचलेला खेळ ६० वेळांच्या पडद्यावर तसाच चालविला तरी तो एकपंचमांशानें जलद होतो. म्हणून चाल घड्याळाशीं बांधावी व जुन्या यंत्राशेजारीं ठेवून ताडून पाहावी. आकाराचेंही तसेंच. आजच्या १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर मूळ चित्र बरोबर पांचपट, म्हणजे १२८० बाय ९६०, मोठें करितां येतें व बाजूस काळी जागा उरते. ती भरून काढण्यासाठीं चित्र आडवें ताणलें, तर तिरप्या रेघांचें प्रमाण बिघडून घनाकाराचा भास नाहींसा होतो.

याविरुद्ध असें म्हणतां येईल कीं नव्या यंत्राचें सामर्थ्य वापरावयाचेंच नसेल तर त्यावर खेळ आणावा तरी कशाला? हा आक्षेप पोकळ नाहीं. आपल्या भाषेंत आगरकरांनीं ‘हॅम्लेट’चें भाषांतर ‘विकारविलसित’ म्हणून केलें, आणि देवलांनीं ‘ऑथेल्लो’चें रूपांतर ‘झुंझारराव’ म्हणून केलें. दोन्ही मार्ग मान्य आहेत. खेळांतही रूपांतरास स्थान आहे. ‘हेड ओव्हर हील्स’लाच २००३ सालीं ‘रेट्रोस्पेक’ या मंडळीनें नवीं चित्रें देऊन आधुनिक संगणकांवर आणिलें. परंतु रूपांतरकारानेंही मूळ कथेंतील गांठ सोडूं नये. नव्या पोशाखांतही हेडला हील्सची व हील्सला हेडची गरज भासली पाहिजे.

येथें आणखी एक कर्तव्य सांगणें अवश्य आहे. खेळ जुना झाला म्हणून तो बेवारस होत नाहीं. अभ्यासासाठीं घरीं रचून पाहणें वेगळें, आणि तो लोकांत वांटणें वेगळें. वांटावयाचा असेल तर हक्कदाराची संमति मागावी, आणि मूळ कर्त्यांचीं नांवें आपल्या नांवाच्या आधीं लिहावीं.

आपला मुलगा किंवा मुलगी जुन्या खेळाच्या मागें लागलेली पाहून आईबापांस काळजी वाटणें साहजिक आहे. त्यांस आमची सूचना एवढीच कीं, मुलास एकच प्रश्न विचारावा: “तूं यांत काय बदललेंस, काय ठेवलेंस आणि कां?” याचें उत्तर त्यास देतां आलें, तर गणित, चित्रकला व दुसऱ्याच्या श्रमाविषयींचा आदर या तिन्हींचा अभ्यास झाला असें खुशाल समजावें. उत्तर देतां न आलें, तर यंत्र बंद करून त्यास क्रीडांगणावर पाठवावें.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें तो आंकडा पूर्ववत् केला. हील्स पुन्हा कट्ट्याखालीं पडूं लागला. आणि विद्यार्थी हेडला शोधण्यासाठीं आनंदानें मागें वळला.