नातवाचा टॅब आणि आजोबांचा तास

हळदीचा सौदा करताना व्यापारी कांडी मोडून आतला रंग पाहतो, ओलावा पाहतो, वजनाची खात्री करतो आणि मगच भाव बोलतो. तोच व्यापारी नातवासाठी टॅब घ्यावयास जातो तेव्हा मात्र विक्रेता दाखवील ते खोके दहा मिनिटांत बांधून घेतो. प्रेमाने द्यावयाच्या वस्तूची पारख करणे त्याला कद्रूपणाचे वाटते. वास्तविक जी वस्तू बालकाच्या हाती रोज राहणार, तिची पारख मालापेक्षा अधिक बारकाईने व्हावयास हवी.

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत असलेल्या एका कुटुंबात गेल्या हिवाळ्यात हाच प्रश्न उभा राहिला. घरातील वडीलधारे, ज्यांना सारे अण्णा म्हणतात, यांनी नातवाच्या सहाव्या वाढदिवसाला टॅब देण्याचे मनाशी ठरविले होते. पाठशाळेतील तीर्थंकरांच्या कथा, पाढे, इंग्रजी अक्षरे, सारे एका पाटीवर येईल. हे एक प्रकारचे शास्त्रदानच, असा त्यांचा भाव होता. चिरंजीवांची ना नव्हती. सूनबाई मात्र काही वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही द्याल ते प्रेमानेच द्याल. पण एकदा संध्याकाळी त्याच्या जेवणाच्या वेळी घरी येऊन बघा."

अण्णांचा संध्याकाळचा डबा वर्षानुवर्षे पेढीवर जात असे. त्या दिवशी ते साडेपाचला घरी आले. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी सर्वांची ताटे आटोपण्याची स्वयंपाकघरात एकच घाई. मुलगा चटकन जेवावा म्हणून पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. पडद्यावर चित्रे धावत होती, आई घास भरवीत होती, मुलाचे तोंड आपोआप उघडत होते. ताट रिकामे झाल्यावर अण्णांनी विचारले, "बाळा, आज भाजी कोणती होती रे?" मुलाने ताटाकडे पाहिले. ताटात काही उरले नव्हते. "माहीत नाही," तो म्हणाला.

रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळला गेला होता. पण ज्या जागरूकतेसाठी तो नियम आहे, तीच ताटावरून उठून गेली होती. आणि तांब्याला टेकलेला तो मोबाइल अण्णांचाच जुना होता. दोन वर्षांपूर्वी नातू पेढीवर आला की गादीवर स्वस्थ बसावा म्हणून त्यांनीच तो त्याच्या हाती दिला होता.

टॅब घ्यावा की नाही, या प्रश्नाचा खरा आरंभ दुकानात होत नाही, तो असा घरात होतो. पडदा मुलाला शिकविण्यासाठी हवा आहे की मोठ्यांना मोकळीक मिळावी म्हणून, हे आधी प्रामाणिकपणे ठरवावे लागते. दुसरे कारण असेल तर कितीही उत्तम टॅब घेतला तरी तो त्याच कामाला लागतो.

वयाविषयी वैद्यकीय मत स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बालकास पडदा मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाकाठी एक तासापेक्षा अधिक नको. त्याहून कमी असेल तर उत्तमच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांपर्यंत पडदा टाळावा, दोन ते पाच वर्षांपर्यंत देखरेखीखाली कमाल एक तास, आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी अशी मर्यादा सांगितली आहे. यात दूरदर्शन संच, मोबाइल आणि टॅब या सर्वांचा वेळ एकत्र धरावयाचा असतो. जेवताना आणि झोपेच्या आधीच्या तासात पडदा नसावा, असेही बालरोगतज्ज्ञ सांगतात.

बँकेच्या व्यवहारात याला जवळचा दाखला आहे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या अज्ञान मुलास बँक स्वतःचे बचत खाते स्वतः चालविण्याची मुभा देऊ शकते, तीही बँकेने घातलेल्या मर्यादेत. त्याआधी खाते मुलाच्या नावे असले तरी सही पालकाची असते. सहा वर्षांच्या मुलाचा टॅबही असाच असावा: वापर मुलाचा, सही पालकाची. पासवर्ड आईवडिलांकडे, नवे काही उतरवून घ्यावयाचे तर त्यांच्या संमतीने, आणि रात्री टॅब मुलाच्या उशाशी नव्हे तर बैठकीच्या कपाटात.

आता वस्तूची पारख. मुलांसाठी म्हणून रंगीत रबरी आवरणात विकले जाणारे अतिस्वस्त टॅब दिसावयास गोजिरे असतात. पण अनेकदा त्यांचा वेग वर्षभरात मंदावतो आणि सुरक्षेची अद्ययावत आवृत्ती मिळणे बंद होते. त्यापेक्षा नामांकित कंपनीचा साधा टॅब घेऊन त्याला जाड आवरण आणि काचेवर संरक्षक थर लावणे फायद्याचे. पडदा आठ ते अकरा इंचांचा, काम करणारी मेमरी किमान चार जीबी आणि साठवण चौसष्ट जीबी असली म्हणजे लहान मुलाच्या गरजेला पुरते. कंपनी किती वर्षे सुरक्षा अद्यतने देणार, हा प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा. सिमकार्डाचा टॅब घेण्याचे कारण नाही. केवळ वायफायवर चालणारा स्वस्त पडतो, आणि घराबाहेर त्याला आपोआप लगाम बसतो.

टॅब हा भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येणारा माल आहे. त्यावर किंवा खोक्यावर मानक चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोच्या बीआयएस केअर या अॅपवर तो ताडून पाहता येतो. चार्जर कंपनीचाच वापरावा, आणि चार्जिंग चालू असताना टॅब मुलाच्या हाती देऊ नये. हमी बहुधा एका वर्षाची असते. पण हातून पडून फुटलेली काच सहसा तिच्यात बसत नाही, आणि सहा वर्षांच्या हातून नेमके तेच होते.

हप्त्यांचा मोह हा पुढचा मुद्दा. 'शून्य टक्के व्याज' असे फलक दुकानोदुकानी दिसतात. शून्य व्याज अशी काही गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. व्याज कोठे किमतीत मिसळलेले असते, कोठे रोखीची सूट सोडण्यात दडलेले असते, तर कोठे प्रक्रिया शुल्काच्या रूपाने येते. नातवाची भेट हप्त्यावर घेण्याची वेळ येत असेल तर ती भेट पुढच्या वर्षी द्यावी.

खरेदीनंतर खरे काम सुरू होते. पहिल्या दिवशी खाते उघडताना जन्मतारीख विचारली जाते. अनेक घरांत कटकट नको म्हणून वडिलांचे खाते जोडून देतात किंवा खोटे वर्ष घालतात. तेरा वर्षांखालील मुलाचे खाते गूगलच्या फॅमिली लिंकद्वारे पालकाच्या खात्याशी जोडता येते. अॅपलच्या टॅबवर स्क्रीन टाइम ही सोय आहे. दोहोंत दैनंदिन वेळ ठरविता येतो आणि खरेदीपूर्वी पालकाची मंजुरी मागविता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले असून, बालकाच्या माहितीसाठी पालकाची पडताळलेली संमती आवश्यक ठरविली आहे; बालकांवर पाळत ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांस सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. परंतु वय खोटे सांगितले तर यंत्राच्या लेखी तो बालक राहत नाही. सत्याणुव्रत मोडल्याचा तोटा इतका रोख क्वचितच दिसतो.

पैशाची वाट मात्र अगदी बंद ठेवावी. मुलाच्या टॅबवर कार्ड साठवू नये, यूपीआय जोडू नये. खेळ फुकट असतो. खेळातील नाणी, तलवारी, नवे टप्पे विकत असतात. वर्गणीला एकदा स्वयंचलित वसुलीची मंजुरी दिली की पंधरा हजार रुपयांपर्यंतची पुढची वसुली दर वेळी पिन न मागता होऊ शकते. वसुलीआधी बँकेचा संदेश येतो. तो वाचणे हे वडिलांचे काम.

त्या घरी टॅबचे बिल करताना एक छोटा प्रसंग घडला. टॅबवर अठरा टक्के जीएसटी आहे. वीस हजारांच्या मूळ किमतीवर तीन हजार सहाशे रुपये. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, बिल फर्मच्या नावावर घेऊ. क्रेडिट मिळेल."

"टॅब पेढीवर राहणार आहे का?"

"नाही."

"मग बिल घरच्या नावावर घे."

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) नुसार वैयक्तिक वापराच्या आणि भेट दिलेल्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत 'विरुद्धराज्यातिक्रम' हाही एक आहे. राज्याचा नियम डावलून केलेली बचत ती हीच. नातवाला जी वस्तू शास्त्रदान म्हणून द्यावयाची, तिच्या बिलातच अतिचार नको, एवढे अण्णांना कळत होते.

राहिला प्रश्न त्यावर मूल काय पाहते याचा. गोळ्या झाडण्याचे, शत्रू कापण्याचे खेळ खेळणाऱ्या मुलाविषयी 'त्यात खरे कोण मरते?' असे सहज म्हटले जाते. याचे उत्तर यशोधर राजाच्या कथेत आहे. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या यशस्तिलक चंपूमुळे ती प्रसिद्ध आहे. राजाने आईच्या आग्रहाखातर पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला. जीव एकही गेला नाही, पण मारण्याचा संकल्प झाला, आणि त्यापायी मायलेकांना पशुयोनीत जन्मामागून जन्म घ्यावे लागले. पडद्यावरचा शत्रू हा पिठाचाच कोंबडा होय. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार दिले आहेत, त्यांत हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, म्हणजे 'हिंसादान', हा एक आहे. मन मलिन करणारे ऐकणे ही 'दुःश्रुती', आणि निष्कारण, बेफिकीरपणे काहीबाही करीत राहणे ही 'प्रमादचर्या'. एकच टॅब देखरेखीखाली शास्त्रदान ठरतो आणि देखरेखीवाचून या तिन्हींचे भांडार होतो. वस्तू तीच असते. सोबत बसणारा माणूस आहे की नाही, एवढाच फरक.

अण्णांनी टॅब वाढदिवसाला दिला नाही. महिनाभराने दिला, आणि त्या महिन्यात आधी ताटाजवळचा मोबाइल उचलला. रोज सव्वापाचला ते पेढीवरून उठू लागले. संध्याकाळचे हिशेब चिरंजीवांनी अंगावर घेतले. पहिले तीन दिवस मुलगा रडला, अर्धपोटी उठला. चौथ्या दिवशी आजीचे मन द्रवले आणि त्या मोबाइल आणावयास निघाल्या. सूनबाईंनीच त्यांना हात धरून बसविले. अण्णा ताटाजवळ बसून हळदीची गोष्ट सांगत राहिले: ती जमिनीतून कशी काढतात, कशी शिजवतात, कशी वाळवतात, यार्डात तिचा लिलाव कसा होतो.

पुढे टॅब आला. शाळेनंतर अर्धा तास, बैठकीत, कोणीतरी शेजारी असताना, मग कपाटात. हे रोज तंतोतंत पाळले जाते असे नाही. पाहुणे आले की अर्ध्या तासाचा तास होतो, आणि परीक्षेच्या दिवसांत आत्याच्या मुलांबरोबर खेळावरून भांडणेही होतात. पण ताटाजवळचा नियम आजवर मोडलेला नाही.

एका संध्याकाळी घास हातात धरून नातवाने विचारले, "अण्णा, आपण बटाटा खात नाही, कांदा खात नाही. मग हळद पण जमिनीतच होते ना? ती कशी खातो?"

अण्णांनी ओले कंद आणि वाळलेली हळद यांतील भेद आपल्याला ठाऊक होता तेवढा सांगितला; आणि सांगितले ते बरोबर आहे ना, हे विचारण्यासाठी रविवारी नातवाचा हात धरून स्वतः पाठशाळेत गेले. परत येताना नातू म्हणाला, "आणि काल भेंडी खारट झाली होती."