तीन तास चिखल, पंडितजी शून्य!

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा राग मराठीतूनच काढायचाय.

त्याचं असं झालं. जूनमध्ये परीक्षा संपल्यावर आम्ही चौघी काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो. माझ्या रूममेटचं घर तिथंच, शेंडीत. ती तबला वाजवते, तिचे वडील भजनात पखवाज वाजवतात. पहिल्या रात्री काजवे सॉलिड दिसले. दुसऱ्या दिवशी पाऊस जो लागला तो थांबेचना. रंधा धबधबा नाही, रतनवाडी नाही. शेवटी पिठलं-भाकरी हाणून मी लॅपटॉप उघडला आणि कधीची राखून ठेवलेली ‘वुडस्टॉक’ ही डॉक्युमेंटरी लावली.

‘‘यात पंडित रविशंकर आहेत ना? साथीला अल्लारखाँ?’’ रूममेटनं विचारलं. मी ऐटीत म्हटलं, ‘‘म्हणजे काय! पहिल्याच रात्री वाजवलंय त्यांनी.’’ ते ऐकून तिचे वडीलही येऊन बसले.

माझं म्हणणं खोटं नव्हतं. १५ ऑगस्ट १९६९ च्या रात्री, न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावी, एका डेअरीवाल्याच्या शेतात, भर पावसात रविशंकर वाजवायला बसले होते. त्या महोत्सवाला चार लाखांवर माणसं लोटली होती. मायकेल वॉडलीनं त्यावर काढलेला सिनेमा १९७० साली आला, त्याला ऑस्करही मिळालं. लांबी तीन तासांहून जास्त.

आणि या तीन तासांत पंडितजी किती? शून्य!

चिखलात घसरगुंडी खेळणारी पोरं आहेत. फिरते संडास साफ करणारे एक काका आहेत. (ते काका मात्र ग्रेट. त्यांचा एक मुलगा त्याच गर्दीत, दुसरा व्हिएतनामच्या युद्धात. त्यांना कापलं असतं तर मीच भांडले असते.) सांतानाच्या बँडचा ड्रमर मायकेल श्रीव्ह आहे. तो तेव्हा २० वर्षांचा, म्हणजे माझ्याच वयाचा. त्याचा सोलो बघून आम्ही उड्या मारल्या. पण सतार आलीच नाही. काका दर अर्ध्या तासानं विचारत होते, ‘‘पंडितजी कधी येणार?’’ आणि मी म्हणत होते, ‘‘येतील हो, काका.’’

सिनेमा संपला. काका उठले आणि एवढंच म्हणाले, ‘‘गर्दी चांगली दाखवलीय.’’

मला शरमल्यासारखं झालं. मी दिग्दर्शकाला शिव्या घालायला लागले, तर रूममेट शांतपणे म्हणाली, ‘‘कापलं असेल. तू नव्हतं का मला कापलंस?’’

मंडळी, आता खरी गोष्ट. मागच्या वर्षीच्या गॅदरिंगची फिल्म मी एडिट केली होती. रूममेटनं २० मिनिटं तीनताल वाजवला होता. पेशकार, कायदा, रेला, सगळं. माझ्या १२ मिनिटांच्या फिल्ममध्ये ती दिसते ९ सेकंद. बरं, त्या ९ सेकंदांतही ऐकू काय येतं? मी वरून टाकलेलं डीजेचं गाणं! हात तिचे, आवाज दुसऱ्याचाच. बाकी फिल्मभर नाचणारी गर्दी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही कॉलर ताठ करून फिरले. ती तेव्हा काहीच बोलली नव्हती.

वेळ नसतो, पब्लिक कंटाळतं, हे आम्हा एडिटिंगवाल्यांचं ठरलेलं उत्तर. पण ‘माँटेरे पॉप’ बघा. १९६७ च्या महोत्सवावरचा पेनीबेकरचा सिनेमा. पुरता दीड तासही नाही. तरी शेवटची साधारण १८ मिनिटं त्यानं रविशंकर आणि अल्लारखाँना देऊन टाकलीत. त्यातही गर्दी दिसते, पण ती ऐकताना दिसते. सुरुवातीला बराच वेळ नुसते चेहरे, आणि कानावर सतार. शेवटी सगळे उभे राहतात तेव्हा का उभे राहिले ते आपल्याला कळतं. तेव्हा वेळेचं कारण सांगू नका. कुणाला किती द्यायचा ते आपणच ठरवतो.

रविशंकरांना स्वतःला वुडस्टॉक आवडलं नव्हतंच. चिखलातली ती पब्लिक बघून त्यांना आपल्याकडच्या म्हशी आठवल्या, असं त्यांनी पुढं सांगितलंय. गर्दीला काय ऐकू येतंय, याची काळजी वाजवणाऱ्याला असते. कॅमेऱ्याला गर्दी दिसली की पुरते.

म्हणून यंदाच्या गॅदरिंग कमिटीला आणि सरांना एक विनंती. फिल्म हवी तेवढी छोटी करा, नाचही दाखवा. पण एक तरी आयटम न कापता ठेवा. आणि सगळं मूळ रेकॉर्डिंग लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर टाका. हार्ड डिस्कला फार जागा लागत नाही, एवढं तर आपल्याला फर्स्ट इयरलाच कळतं.

रूममेटची ती २० मिनिटं माझ्या जुन्या पेनड्राइव्हवर सापडली. वरचं गाणं काढून टाकलं आणि शेंडीला काकांकडे पाठवली. वुडस्टॉकवाल्यांचं काय करायचं ते करू, आधी आपलं तर निस्तरू!