अदब आणि बेअदबी

उर्दूत ‘अदब’ या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. एक साहित्य आणि दुसरा शिष्टाचार. मोठ्यांपुढे पाय पसरून बसणाऱ्या पोराला आपण बेअदब म्हणतो आणि गालिबला अदबाचा बादशहा म्हणतो. ही भाषेची गंमत आहे. पण आपल्यातल्या काही मंडळींनी या गमतीचा कायदा करून टाकला आहे. जे शिष्ट नाही ते साहित्य नाही, आणि ज्यात शरीराचा उल्लेख आला ते शिष्ट नाही, असा हा सोपा कायदा आहे. त्याची मोठी सोय अशी की निकाल देण्यासाठी पुस्तक वाचावे लागत नाही. ‘त्यात तसले काही आहे’ असे कुणीतरी सांगितले की काम झाले.

या मंडळींशी वाद घालताना मंटो आणि इस्मत चुगताई यांची नावे हटकून घेतली जातात. मी त्यांच्या आधारावर उभी राहणार नाही. ज्या वृत्तीने ‘लिहाफ’साठी इस्मतआपांना लाहोरच्या कोर्टात उभे केले, तीच वृत्ती त्यांच्या शताब्दीच्या सभेत पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते आणि घरी परतल्यावर नव्या लेखिकेला तोच जुना प्रश्न विचारते. मेलेल्या लेखकाला हार घालायला काही खर्च येत नाही. म्हणून साक्षीदार दूरचा घेते. त्याच्याविषयी आपल्याकडे आदरही तयार नाही आणि रागही नाही. तो अमेरिकन आहे. त्याने विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिल्या आणि त्यांत स्त्री-पुरुषांचे शरीरसंबंध आणले, म्हणून आयुष्यभर ‘तसला लेखक’ हा शिक्का वागवला. त्याचे नाव फिलिप जोसे फार्मर.

फार्मरचा जन्म २६ जानेवारी १९१८ चा, इंडियाना राज्यातला. तो वाढला इलिनॉय राज्यातल्या पिओरिया या गावात. पोलादाच्या कारखान्यात राबत त्याने शिक्षण पुरे केले आणि १९५० साली, बत्तिसाव्या वर्षी, बी.ए. झाला. दोनच वर्षांनी त्याने ‘द लव्हर्स’ ही दीर्घकथा लिहिली. त्या काळी अमेरिकेत विज्ञानकथांची स्वस्त मासिके धडाक्याने खपत. त्यांच्या मुखपृष्ठावर बहुधा एखादा आठ हातांचा राक्षस अर्धवट कपड्यांतल्या बाईला उचलून नेत असे. आतल्या कथेत मात्र त्या बाईला शरीर नसे. ती शास्त्रज्ञाची मुलगी असे, किंचाळण्यापुरती येई आणि शेवटी नायकाशी तिचे लग्न ठरे. खप बाहेरच्या बाईवर आणि सभ्यता आतल्या बाईवर, असा तो हिशेब होता. त्या मासिकांच्या मोठ्या संपादकांपैकी जॉन कॅम्पबेल आणि होरेस गोल्ड या दोघांनीही फार्मरची कथा परत पाठवली. शेवटी सॅम माइन्स या संपादकाने ती ‘स्टार्टलिंग स्टोरीज’च्या ऑगस्ट १९५२ च्या अंकात छापली.

आता या ‘तसल्या’ कथेत काय आहे ते पाहू. भविष्यकाळातली एक धर्मसत्ता आहे. तिथे प्रत्येक माणसावर ‘हंगामी रक्षक देवदूत’ नावाचा एक पहारेकरी नेमलेला आहे. नवरा-बायकोने अंथरुणात काय करावे हेही तोच विचारतो. लग्न सत्तेच्या हुकमाने होते आणि बायकोने नवऱ्याच्या चुकांची तक्रार वर कळवायची असते. अशा राज्यातला हॅल यॅरो हा भाषातज्ज्ञ दूरच्या ग्रहावर जातो. तिथे त्याला जानेट नावाची स्त्री भेटते. जन्मात पहिल्यांदा त्याला प्रेम म्हणजे काय ते कळते. पण जानेट माणूस नाही. ती माणसाच्या स्त्रीचे रूप घेणाऱ्या, कीटकांच्या जातीतल्या जीवांपैकी आहे. फार्मरने या जातीला ‘ललिता’ असे, आपल्या कानाला ओळखीचे वाटेल असे नाव दिले आहे. या जातीत गर्भ राहिला की आई मरते. दारूने गर्भ टळतो, म्हणून जानेट रोज दारू पिते. हॅलला दारू पाप वाटते. तो तिला न सांगता तिच्या पेयाच्या जागी बिनदारूचे पेय ठेवतो. प्रेमापोटीच ठेवतो. आणि ती मरते.

वाचकांना मी विचारते, या कथेत अश्लील काय आहे? दोन जीव एकमेकांजवळ आले ते? की एका भल्या, धर्मभीरू, सुधारक पुरुषाने आपल्या बाईला तिच्याच शरीराविषयी एक शब्दही न विचारता तिचा पेला बदलला ते? मला दुसरे जास्त भयंकर वाटते. मी शाळेत मुलींना शिकवते. त्यांचे पेले कोण कोण बदलते ते रोज पाहते. कुणी शाळा बदलतो, कुणी विषय बदलतो, कुणी सोळाव्या वर्षी नाव बदलायची तारीख ठरवतो. सगळे ‘तुझ्या भल्यासाठी’. फार्मरच्या कथेतले शरीर काढून टाकले तर ही गोष्ट सांगताच येणार नाही. म्हणजे शरीर तिथे चव वाढवायला आलेले नाही. तोच कथेचा मुद्दा आहे.

बाई म्हणून माझी तक्रारही आहे, ती लपवत नाही. जानेट पुरुषाला भुरळ पडावी म्हणूनच घडलेली आहे आणि शेवटी मरण तिच्याच वाट्याला येते. पुरुषाची चूक आणि बाईची कबर, हा साहित्यातला जुना रिवाज फार्मरनेही मोडलेला नाही. पण ही टीका मला करता येते, कारण मी कथा वाचली. कॅम्पबेल आणि गोल्ड यांचेच चालले असते तर ती छापलीच गेली नसती आणि मग माझ्या टीकेलाही जागा उरली नसती.

१९५३ साली ह्यूगो पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले. त्यात नवोदितांसाठीचा मान फार्मरला मिळाला. त्याच सुमारास शिकागोच्या ‘शास्ता’ या प्रकाशनाने ‘पॉकेट बुक्स’बरोबर कादंबरी स्पर्धा जाहीर केली. बक्षीस होते ४,००० डॉलर. फार्मरने कादंबरी पाठवली आणि ती पहिली आली. लेखणीवर घर चालेल, या भरवशावर तो राहिला. पण शास्ताने बक्षिसाचा पैसा दुसऱ्याच पुस्तकात घातला. फार्मरच्या हाती बक्षीस आले नाही, कादंबरीही छापली गेली नाही आणि त्याचे घर गेले.

आमच्या शिष्टाचारवाल्यांनी इथे जरा थांबावे. फार्मरच्या साऱ्या कारकिर्दीत सगळ्यात निर्लज्ज गोष्ट कोणती? एका मजूर लेखकाच्या घामाचा पैसा दाबून बसणे याला कुठल्या कोशात ‘फुहश’ म्हटले आहे? कुठेच नाही. प्रेमाच्या दृश्यावर ओरड करायला संपादक होते. बुडवलेल्या मानधनावर तशी ओरड झाली नाही. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळायच्या आत द्या, हा हुकूम आपण भिंतीवर लावतो. मग लेखक मजूर नाही का? आपल्याकडेही लेखकाच्या कथेतला एक शब्द खटकला तर दहा पत्रे येतात. त्याला मानधन मिळाले का, हे विचारणारे एकही येत नाही.

पुढची थट्टा याहून मोठी आहे. १९५६ पासून फार्मर संरक्षण-सामग्रीच्या उद्योगात तांत्रिक लेखक म्हणून राबला. नोकरीची ही वर्षे दहाहून अधिक भरतात. यंत्रे कशी चालवायची, याच्या पुस्तिका तो लिहीत होता. या लेखनावर कुणीही आक्षेप घेतला नाही. माणूस माणसाला कसे मिठीत घेतो हे लिहिले तर बेअदबी, आणि ज्या उद्योगाचे गिऱ्हाईक युद्ध आहे त्याची पुस्तिका लिहिली तर प्रतिष्ठित नोकरी! अदबाचा हा तराजू कुणी बनवला?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वकिली ठरेल. पुस्तक न वाचता जाळणाऱ्यांची एक जात आहे, तशीच न वाचता विकणाऱ्यांची दुसरी. १९६० साली फार्मरची ‘फ्लेश’ ही कादंबरी ‘बीकन’ या चटकदार पुस्तकांच्या प्रकाशनाने काढली. १९६८ आणि १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘एसेक्स हाउस’ने त्याच्या ‘इमेज ऑफ द बीस्ट’, ‘ब्लोन’ आणि ‘अ फीस्ट अननोन’ या कादंबऱ्या छापल्या. हे प्रकाशन उघड उघड कामुक पुस्तकांचे होते. ‘अ फीस्ट अननोन’मध्ये टारझन आणि डॉक सॅव्हेज या पोरांच्या लाडक्या वीरांच्या प्रतिकृती आहेत आणि हिंसा करताना त्यांना कामसुख होते. मारामारीच्या गोष्टींत पुरुषांना जी मजा येते ती खरी कसली असते, हा फार्मरचा प्रश्न बिनतोड आहे. पण हा प्रश्न पाच पानांत कळतो आणि पुस्तक मात्र पानोपानी तेच रक्त उपसत राहते. तिथे मला तो लेखक थकवतो, आणि गिऱ्हाइकाच्या अपेक्षेचा वास येतो. तरीही हे मी वाचून म्हणते. वाचून नापसंत करणे हा वाचकाचा हक्क आहे. न वाचता बंदी मागणे हा कुणाचाच हक्क नाही.

आणि हाच ‘तसला’ लेखक पुढे काय लिहितो? शास्ताने बुडवलेल्या त्या कादंबरीची कल्पना त्याने सोडली नव्हती. १९६५ पासून फ्रेडरिक पोल यांच्या मासिकात तिचे नवे भाग आले आणि १९७१ साली ‘टू युअर स्कॅटर्ड बॉडीज गो’ हे पुस्तक झाले. त्याला १९७२ चा ह्यूगो मिळाला. आजवर जगलेली छत्तीस अब्जांहून अधिक माणसे एका अफाट नदीच्या काठावर एकाच वेळी पुन्हा जिवंत होतात. प्रौढांना पंचविशीचे शरीर मिळते. अंगावर कपडा नसतो, डोक्यावर केस नसतो. राजा कोण आणि भिकारी कोण हे ओळखता येत नाही. फार्मरच्या कथेत हे यंत्रांनी घडवलेले आहे. आपल्या श्रद्धेतल्या हश्राशी त्याची बरोबरी नाही आणि तशी मी करतही नाही. पण उघड्या शरीराच्या नुसत्या उल्लेखाने ज्यांचे कान तापतात त्यांना एक हदीस आठवून देते. कयामतच्या दिवशी माणसे अनवाणी आणि उघडी उठवली जातील असे पैगंबर (स.) यांनी सांगितले, तेव्हा हजरत आयेशा (र.अ.) यांनी सरळ विचारले की मग स्त्री-पुरुष एकमेकांकडे पाहणार नाहीत का? त्यांना उत्तर मिळाले की तो प्रसंगच इतका कठीण असेल की कुणाला त्याचे भान राहणार नाही. बाईने प्रश्न विचारला आणि तिला उत्तर मिळाले. ‘असले विचारू नये’ असे कुणी म्हटले नाही. एवढा अदब आपण शिकलो असतो तरी पुष्कळ होते.

त्या कादंबरीचा नायक आहे रिचर्ड बर्टन, आणि त्याच्यामुळे ही गोष्ट आपल्या दारात येते. हा खराखुरा माणूस. १८४२ मध्ये तो मुंबईला उतरला, कंपनीच्या मुंबई पलटणीत चाकरी केली, सिंधमध्ये राहिला, मराठीसह इथल्या अनेक भाषा शिकला, गोव्यावर १८५१ मध्ये पुस्तक लिहिले. १८५३ साली वेषांतर करून तो मक्केला जाऊन आला. आपल्याला तो प्रिय वाटावा असे त्याने काही केलेले नाही. पण ‘अलिफ लैला’ काटछाट न करता इंग्रजीत आणली ती त्यानेच, १८८५ ते १८८८ या वर्षांत, सोळा खंडांत. विलायतेच्या कायद्याच्या भीतीने छापण्याचे ठिकाण म्हणून खोटेच ‘बनारस’ टाकले. १८९० मध्ये तो मेला आणि त्याचे शेवटचे हस्तलिखित त्याच्या धर्मनिष्ठ बायकोने जाळले.

बर्टनच्या नावावर इंग्रजी ‘कामसूत्र’ही चालते. ते १८८३ साली निघाले. त्यामागचा मोठा कष्ट मुंबईतला होता. अर्बथनॉट या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे या दोघांनी मूळ संस्कृताशी झुंज दिली. त्यांची नावे त्या पुस्तकावर आली नाहीत. पुस्तक असभ्य की सभ्य यावर शंभर वर्षे वाद झाले. भिड्यांचे नाव कुठे गेले, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. शास्ताच्या गोष्टीत पैसा गेला, इथे नाव गेले.

एक आक्षेप मला शिक्षिका म्हणून हमखास ऐकायला मिळतो. ‘मग ही पुस्तके मुलांच्या हातात देणार का?’ नाही देणार. सातवीच्या पोरासाठी पुस्तक निवडणे हे माझे काम आहे आणि ते मला बी.ए., बी.एड. करून थोडेफार कळते. पण पोराच्या दप्तरात काय असावे आणि मोठ्या माणसाने काय लिहावे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या आडून देणे ही चलाखी आहे. या चलाखीने आपण सगळ्या समाजाला सातवीत बसवले आहे आणि स्वतः वर्गशिक्षक होऊन छडी घेतली आहे.

फार्मरला २००१ साली अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने ग्रँड मास्टर हा सर्वोच्च मान दिला. २५ फेब्रुवारी २००९ रोजी तो पिओरियातच वारला. ‘द लव्हर्स’ छापून आल्यापासून या सन्मानापर्यंत एकोणपन्नास वर्षे गेली. आपल्यात आज एखादी मुलगी उर्दूत किंवा मराठीत शरीराविषयी खरे लिहीत असेल, तर तिला तेवढी वर्षे थांबवायचे का, हे संपादकांनी आणि वडीलधाऱ्यांनी ठरवायचे आहे. तिची कथा आधी पूर्ण वाचा. पटली नाही तर का पटली नाही ते सहीनिशी लिहा. पटली तर छापा, तिच्या नावाने छापा, आणि तिचा मोबदला वेळेवर द्या. मला विचाराल तर अदबाचा अर्थ एवढाच आहे.