संत्र्याचा भाव आणि ढाक्याचा कर

१९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला. त्या सुमारास नियोजनाकडून बाजाराकडे वळलेल्या देशांना अर्थशास्त्रज्ञांनी 'संक्रमणावस्थेतील अर्थव्यवस्था' असे भारदस्त नाव दिले. जुने मोडले आहे, नवे अद्याप रुजले नाही. अशा वेळी बाहेरचा धक्का दुप्पट लागतो. हे पाहावयास वॉर्सापर्यंत जाण्याचे कारण नाही. आमचे सौंसर पुरेसे आहे.

या मुलखाचे जुने पीक कापूस. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि नागपूर-वऱ्हाडच्या कापसाचे भाव अस्मानाला भिडले. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. नागपूरला आगगाडी पोहोचली ती १८६७ साली! (तेजी ओसरल्यावर सोय येणे, ही आपली परंपरा तेव्हापासूनची दिसते.)

पुढे अनेकांनी कापूस सोडून संत्रा धरला. परंतु कापूस यंदा फसला तर पुढल्या वर्षी दुसरे काही पेरता येते; संत्र्याचे कलम फळावर येण्यास चार-पाच वर्षे लागतात. तोवर विहीर, मोटार, खत यांवर खर्चच खर्च. शेतकऱ्याचे खरे संक्रमण हेच, आणि या काळात त्याच्या हाती माघार नसते.

नागपुरी संत्र्याचे परदेशातील मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने २०१९ साली किलोमागे २० रुपये असलेला आयातकर वाढवीत वाढवीत २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर नेला. त्यांचीही परकीय चलनाची ओढाताण होती. दोष कोणाला द्यावा? पण बाहेर न गेलेला माल देशातल्याच बाजारात लोटला आणि भाव बसले. महाराष्ट्र शासनाने निर्यातदारांना या कराच्या निम्म्याइतके अनुदान जाहीर केले. आमची झाडे त्याच जातीची, माती तीच, बोलीही तीच. परंतु १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो, आणि ते अनुदान महाराष्ट्राचे.

त्या हंगामात एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले होते. फळे झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्यास देण्याची आमच्याकडे रीत आहे. त्यांच्या व्यापाऱ्याने इसार दिला होता. भाव उतरताच तो इसारावर पाणी सोडून निघून गेला. मुलाला नागपूरला शिकायला ठेवण्याचा बेत त्या इसारानंतरच्या हप्त्यावर उभा होता. मुलगा येथेच राहिला, हुशार आहे, शिकेल. मी त्यांना ढाक्याच्या कराची हकिकत सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "गुरुजी, पाच वर्सं झाडाले पानी देलं. तवा हे ढाका कुठी होतं?"

मी नकाशा काढून दाखविला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, आणि बागेला पाणी सोडायचे आहे म्हणून उठले.