खाऱ्या पाण्यातील पहिली गरी

गेल्या महिन्यातील एका रविवारी दुपारी आमच्या ओळखीच्या एक बाई आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगा साखळीच्या सरकारी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षास आहे. घर डिचोली तालुक्यात, आजोळ पेडण्यात, चोपडे गावी. खुर्चीवर नीट टेकण्याच्या आधीच बाईंनी गाऱ्हाणे मांडले. "फादर, ह्याला मासे गरवायचा नाद लागला आहे. तो लागेना का. पण ह्याला अठरा हजारांचे सामान हवे आहे!"

मुलाने मुकाट्याने आपला फोन आमच्यापुढे धरला. त्यात काळी चकचकीत काठी, सोनेरी रीळ आणि प्लॅस्टिकच्या रंगीबेरंगी माशांनी भरलेली पेटी दिसत होती. खाली बारा हप्त्यांची सोय होती. हप्ते कोण भरणार, असे आम्ही विचारले. मुलाचा हिशेब तयार होता: दर शनिवारी दोन चोणक धरावयाचे, ते किनाऱ्यावरील हॉटेलांत विकावयाचे, आणि हप्ता चुकता करावयाचा. बाईंनी आमच्याकडे पाहिले व आम्ही खिडकीबाहेर पाहिले.

या घरची परिस्थिती आम्हांस ठाऊक आहे. बाप खनिज वाहणारा ट्रक चालवीत असे. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा दोन्ही वेळा तो ट्रक दारात उभा राहिला आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. असे असूनही बाप म्हणाला होता, "पोराला दुसरे व्यसन नाही, घेऊ दे." बापाने असे म्हणावे हेच बाईंना सहन होत नव्हते. शुभवर्तमानात जाळ्यांचा उल्लेख पुष्कळदा येतो, पण गळाचा एकदाच, मत्तयाच्या सतराव्या अध्यायात. आणि तोही कराचे पैसे उभे करण्याच्या अडचणीतून. तेथे पहिल्याच माशाच्या तोंडात नाणे सापडले. आमच्या शापोरा नदीतल्या माशांना ती सवय नाही, एवढेच आम्ही मुलास सांगितले. तो हसला, म्हणून आम्हांस पुढे बोलण्याचा धीर आला.

आम्ही पाच हजारांची मर्यादा घातली आणि खरेदीस स्वतः बरोबर येण्याचे कबूल केले. वाचकांतही असे पुत्र व पुतणे असतील, म्हणून त्या खरेदीचा वृत्तान्त येथे देतो.

प्रथम आमचीच एक फजिती सांगणे योग्य होईल. सेमिनरीत असताना आम्ही सुट्टीतल्या पैशांतून एक परदेशी रीळ घेतले होते. पहिल्याच दिवशी समुद्रावर नेले, परत येऊन खाटेखाली ठेवले आणि परीक्षेच्या गडबडीत दोन आठवडे विसरलो. बाहेर काढले तेव्हा त्यावर पांढरे-हिरवे कीट चढले होते आणि मूठ फिरेनाशी झाली होती. त्या रिळाने एकही मासा पाहिला नाही. खाऱ्या पाण्यात सामान मोडते ते माशाच्या ओढीने क्वचितच, बहुधा मिठाने. म्हणून नवख्याने जे सामान धुता येईल, उघडता येईल आणि बिघडल्यास पुन्हा घेता येईल, तेच घ्यावे. अठरा हजारांचे रीळही न धुतल्यास कुजते, फक्त त्याचे दुःख अधिक होते.

दुसरा प्रश्न, मासे कोठे धरावयाचे? दुकानात जाण्यापूर्वी याचे उत्तर हवे. डिचोलीस समुद्र नाही, पण मांडवीची भरती सारमानस, नार्वे, आमोणे या काठांवर चढते; उन्हाळ्यात पाणी खारट होते आणि पावसाळ्यात नदी गोडी होते. चोपड्यास शापोरा रुंद होऊन समुद्राकडे वळते. केरीस तेरेखोलचे मुख आहे, आणि हरमल, मांद्रे व मोरजी येथे उघडा किनारा. उघड्या किनाऱ्यावर लाटांपलीकडे गळ फेकावयाचा तर दहा-बारा फुटांची काठी लागते. नदीच्या काठास सात-आठ फूट पुरेत. मुलाचे जाणे-येणे मुख्यतः मामाकडे चोपड्यास, म्हणून आठ फूट ठरले. लहान काठीने किनाऱ्यावर थोडे जवळ पडेल, पडू द्यावे. मुड्डोशी पुष्कळदा गुडघाभर पाण्याच्या पलीकडेच फिरत असते.

मग कदंबच्या बसचा विचार करावा लागला. डिचोलीहून म्हापसा, तेथून शिवोली, पूल ओलांडून चोपडे. या प्रवासात दहा फुटी काठी घेऊन चढणाऱ्यास वाहक काय म्हणेल ते छापण्यासारखे नाही. दुर्बिणीसारखी आत सरकणारी काठी मुलास फार आवडली. परंतु तिच्या सांध्यांत वाळू व मीठ शिरते, आणि एके दिवशी ती उघडत नाही किंवा मिटत नाही. दोन तुकड्यांची काठी एका सांध्यावर जुळते. आठ फुटांचे चार-चार फूट होतात आणि कापडी पिशवीत बसतात. काचतंतूची घ्यावी. कार्बनची हलकी असते हे खरे, पण ती दगडावर आपटली तर तडकते; शिवाय कार्बनमधून वीज वाहते, म्हणून विजेच्या तारांखाली किंवा आभाळ गडगडत असता ती हाती धरणे जिवाशी खेळणे आहे. काठी पहावयाची ती तिच्या कड्यांसाठी. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. धागा अडकला तर ती कडी तंगूस कापील. दुकानदार आमच्याकडे संशयाने पाहत होता, तरी आम्ही तीन काठ्यांवर बोळा फिरविला.

रीळ कोणते घ्यावे याविषयी तरुण फार वाद घालतात. ज्यात फिरकी स्थिर राहते व तंगूस तिच्या टोकावरून सुटत जातो, तेच नवख्याचे रीळ. १९०५ साली इंग्लंडातील ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ नावाच्या लोकरगिरणीच्या मालकाने अशा रिळाचे पेटंट घेतले. सूत बॉबिनच्या टोकावरून कसे सुटते हे तो आपल्या गिरणीत पाहतच होता. त्याआधीच्या रिळांत फिरकीच गरगरे आणि अंगठा वेळीच न लावल्यास तंगुसाचे घरटे होई. तसली रिळे आजही मिळतात, पण ती मुरलेल्या हातांची. रिळावरील ३०००, ४००० हे आकडे आकाराचे असतात, शक्तीचे नव्हेत; नदी व किनारा दोन्हींस ४००० बरे. "यात दहा बेअरिंगे आहेत" असे दुकानदार सांगतो. आतील बेअरिंगे जितकी अधिक, तितक्या गंजण्याच्या जागा अधिक, असे आम्ही मनातल्या मनात म्हणतो. त्यापेक्षा मूठ फिरवून पहावी, डगमगते का ते बघावे. शिमानो, दाइवा या जपानी पेढ्यांची साधी रिळेही मिळतात. आम्हांस मर्यादेत बसले ते घेतले आणि त्याचे नाव सांगण्यासारखे नाही.

तंगुसाच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. मुलास विणलेली बारीक दोरी हवी होती. ती मजबूत असते, परंतु बोट कापते, ताणत नाही आणि गुंतली की सुटत नाही, शिवाय महाग. साधा नायलॉनचा तंगूस, ०.३५ मिलिमीटर, सुमारे सहा-सात किलो ओढ सहन करणारा, घेतला. त्याच्या पुढे हातभर जाड तुकडा बांधावयाचा, कारण चोणकाच्या गालफडाची कड सुरीसारखी असते आणि पुलाच्या खांबांवरील कालवे त्याहून धारदार. रिळावर मासा ओढू लागला की तंगूस किती जोराने सुटावा हे ठरविणारा खटका असतो. तो घट्ट आवळणे ही नवख्याची पहिली चूक. दोन लिटरची पाण्याची बाटली तंगुसाला टांगावी. ती उचलताना फिरकी हळूच सरकू लागली म्हणजे खटका योग्य लागला.

उरलेले फार नाही. तीन आकारांच्या गऱ्या, शिशाची वजने, पिळ पडू नये म्हणून फिरत्या कड्या, आणि लांब चोचीची पक्कड. प्लॅस्टिकचे मासे आम्ही घेऊ दिले नाहीत. बाजारातले सुंगट सोलून गरीला लावले तर पालू, तामसो, मुड्डोशी, गोबरा सर्वच येतात. शेवटा मात्र सुंगटास भाळत नाही. त्याला कणकेची बारीक गोळी लागते आणि मोठी सबुरी लागते. पक्कड कशाला, असे मुलाने विचारले. शिंगाळ्याच्या पाठीवरील व दोन्ही कडांच्या काट्यांत विष असते, तो हाताने सोडवावयाचा नाही. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून डॉक्टरकडे जावे. आणि केंड आला तर गरी काढून परत सोडावा. त्याचे विष शिजवूनही जात नाही.

हिशेब असा झाला: काठी १४००, रीळ १९००, तंगूस ३००, गऱ्या-शिसे-कड्या २५०, पक्कड १५०. चार हजार झाले. सहाशेचे रबरी तळाचे बूट घेतले, तेव्हा मुलगा पहिल्यांदा कुरकुरला. केरीचे ओले खडक चपलेने चढणारे आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांतील एकास ओढून काढावे लागले तेही पाहिले आहे. ओहोटीला तेरेखोलच्या मुखातून पाणी समुद्राकडे ज्या जोराने जाते, त्यापुढे चांगला पोहणाराही टिकत नाही. जून ते सप्टेंबर त्या खडकांवर जावयाचे नाही, एरव्हीही एकट्याने जावयाचे नाही आणि समुद्राकडे पाठ करावयाची नाही, एवढे आम्ही त्याच्याकडून आईसमक्ष वदवून घेतले. मानशीच्या दारांवरही गरी टाकू नये. तेथील मासेमारीचा लिलाव होतो, ती पावणी घेणाऱ्याची भाकरी आहे. मोरजीस हिवाळ्यात कासवे अंडी घालण्यास येतात. तेथे तुटलेल्या तंगुसाचा एक तुकडाही वाळूत राहता कामा नये.

पुढच्या शनिवारी आम्ही चोपड्यास गेलो. मुलाचा मामा आधीच काठावर बसला होता. त्याचे सारे सामान म्हणजे एका रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेला तंगूस, एक शिसे, एक गरी. भाच्याची काठी त्याने हातात घेऊन वाकवून पाहिली, "बरी आहे" म्हणाला, आणि आजची तिथी कोणती असे विचारले. मुलास सांगता येईना. कोकणपट्टीतला जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या. नदीत आत जावे तसा आणखी उशीर. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी सुस्त, पौर्णिमा-अमावास्येस उधाण. तो दिवस षष्ठीचा होता, म्हणजे साडेचारचा. आम्ही दोन वाजता ऐन चढत्या पाण्यावर बसलो ते मामाच्या या गणितामुळे. अठरा हजारांच्या पेटीत हे गणित नव्हते, असे आम्ही म्हणणार होतो; पण मुलगाच फोनमध्ये पंचांग शोधू लागला, म्हणून गप्प राहिलो.

मामाने बाटलीवर तीन पालू व एक तामसो काढला. आम्ही एक पालू. मुलाच्या गरीस पहिल्यांदा शेवाळ आले, मग केंड, जो फुगून चेंडू झाला व मुलाने पक्कडीने नीट सोडविला; आणि अंधार पडण्याच्या बेतास एक वीतभर गोबरा. एवढा लहान मासा सोडावा की न्यावा यावर मामा-भाच्यांत चर्चा झाली. सोडला.

रात्री बाईंचा फोन आला. मुलगा न्हाणीघरात रीळ धूत बसला होता. आम्ही सांगितल्याप्रमाणे खटका आवळून, हलक्या धारेने, बुडविल्याशिवाय. जोराच्या धारेने मीठ आतच जाते. मग सावलीत वाळवून खटका सैल सोडावयाचा, मुठीला तेलाचा एक थेंब. "फादर, बादल्या दोन झाल्या," बाई म्हणाल्या, पण स्वर रागाचा नव्हता. बापही म्हणे शेजारी उभा राहून पाहत होता आणि पुढच्या शनिवारी येतो म्हणाला.

पाच हजारांतले चारशे रुपये अजून शिल्लक आहेत. आमचे म्हणणे, त्यांचा आणखी तंगूस घेऊन ठेवावा. मुलाचे म्हणणे, प्लॅस्टिकचा एक तरी मासा घ्यावा, हिरवा. अद्याप निकाल लागलेला नाही.