लॅपटॉपमधले ओले धान्य

गेल्या रमजानच्या आधी धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भिशी लागली तेव्हा तिने त्याला २२ हजारांचा जुना लॅपटॉप घेऊन दिला होता. "भाईजान, तीन आठवडे झाले नाहीत तोच पडद्यावर उभ्या रेघा यायला लागल्यात. दुकानदार म्हणतो, देताना चालू करून दाखवला होता."

दुसऱ्या एका कारागिराला दाखवले. ग्राफिक्सची चिप गेली आहे, बोर्ड बदलायचा तर खर्च परवडणार नाही, असे तो म्हणाला. मग त्याने चिपला गरम हवा दिली. रेघा गेल्या, पडदा स्वच्छ झाला. पैसे घेताना त्याने सल्लाही दिला, "महिना-दोन महिने चालेल. तेवढ्यात विकून मोकळे व्हा."

त्याच रात्री भाच्याने मला फोन केला. "मामू, अब्बा म्हणतात ऑनलाइन जाहिरात टाकू. चिप आपण थोडीच बिघडवली? आपल्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. पण घेणाऱ्याने विचारलंच नाही, तर सांगायचं का?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी गरम हवेने नेमके काय होते, ते समजून घेऊ.

पडद्यावर दिसणारे चित्र तयार करण्याचे काम ग्राफिक्स चिप करते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती मुख्य बोर्डावरच पक्की जोडलेली असते. चिपचा मूळ सिलिकॉनचा तुकडा आणि त्याखालची पट्टी यांना डाखाचे अतिशय बारीक ठिपके जोडून ठेवतात. लॅपटॉप चालू केला की चिप तापते आणि फुगते, बंद केला की थंड होऊन आकसते. सिलिकॉन आणि पट्टी सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, त्यामुळे सगळा ताण या ठिपक्यांवर येतो. माल कमकुवत असेल तर शेकडो वेळा तापून-निवून ठिपक्यांना तडे जातात. गरम हवेने ते तात्पुरते पुन्हा टेकतात, पण तडा गेलेला माल तोच राहतो. काही कारागीर चिप उचलून तिच्याखालचे डाखाचे गोळे बदलतात. पण दोष चिपच्या आत असेल, तर बाहेरचे गोळे बदलून तो कसा जाणार?

हे दुखणे जुनेच आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने जाहीर केले, की लॅपटॉपमधील आपल्या काही चिप नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बंद पडत आहेत. दुरुस्ती आणि परताव्यासाठी कंपनीने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. चिपच्या जोडणीतला माल कमकुवत असल्याचे तिने मान्य केले. सोबत लॅपटॉपमधील उष्णता बाहेर टाकण्याची रचना आणि लोकांची वापरण्याची पद्धत यांकडेही बोट दाखवले. डेल आणि एचपी यांनी काही मॉडेलची वॉरंटी वाढवली. पंखा जास्त वेळ फिरत राहील असे सॉफ्टवेअरही त्यांनी दिले, पण त्याने चिप बदलत नव्हती. अॅपलने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कळवले, की आपल्या लॅपटॉपना धोका नाही असे एनव्हिडियाने सांगितले होते, पण स्वतः तपासल्यावर काही मॅकबुक प्रोमध्ये दोष सापडला. त्या मशिनांची दुरुस्ती मोफत झाली. खटला कॅलिफोर्नियातील न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०१० मध्ये तडजोड मंजूर झाली. ती अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी होती.

दोष एका कंपनीपुरता नाही. २०११ ते २०१३ मध्ये विकलेल्या काही मॅकबुक प्रोच्या चित्रातील बिघाडांसाठी अॅपलने २०१५ मध्ये पुन्हा मोफत दुरुस्ती सुरू केली. त्यांतल्या २०११ च्या मशिनांत चिप एएमडीची होती.

या कंपन्यांना उशिरा का होईना, सांगावे लागले. लॅपटॉप एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तेव्हा मात्र सांगायला भाग पाडणारे कोणी नसते. तिथे माणूस असतो आणि त्याला पाहणारा अल्लाह असतो.

सहीह मुस्लिममधील एक हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या एका ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विचारल्यावर विक्रेत्याने पाऊस पडल्याचे सांगितले. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसवणारा आमच्यातला नाही, असे बजावले.

पाऊस त्या विक्रेत्याने पाडला नव्हता. धान्य भिजले, हा त्याचा गुन्हा नव्हता. जाब विचारला गेला तो ओल झाकल्याबद्दल. भाच्याच्या अब्बांच्या म्हणण्याचे उत्तर इथेच आहे. चिप आपण बिघडवली नाही, हे खरे. पण गरम हवा देऊन वरून कोरडा दिसणारा ढीग आता आपल्या दारात आहे. आपल्याला फसवले गेले, म्हणून पुढच्याला फसवण्याचा परवाना मिळत नाही. फिक्हमध्येही मालातला दोष लपवून सौदा झाला, तर तो परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला दिलेला आहे. "विचारले नाही म्हणून सांगितले नाही" ही सबब तिथे चालत नाही.

घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. जुना लॅपटॉप घेताना एवढे तरी करा:

पाच मिनिटांत सौदा उरकू नका. लॅपटॉप निदान अर्धा-पाऊण तास चालवा, त्यावर मोठा व्हिडिओ लावा. चिपचे काही दोष ती तापल्यावरच दिसतात. रेघा, रंगीत ठिपके, अचानक काळा होणारा पडदा ही लक्षणे समजा.

केबलने टीव्ही किंवा दुसरा मॉनिटर जोडा. तिथेही रेघा दिसल्या तर दोष बहुधा चिपचा किंवा बोर्डाचा. बाहेर चित्र स्वच्छ असेल तर लॅपटॉपचा पडदा किंवा त्याची वायर तपासा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स चिपचे नाव दिसते का आणि ती चालू आहे का, ते पाहा. कधी कधी बिघडलेली चिप नुसती बंद करून ठेवलेली असते.

वेगळ्या ग्राफिक्स चिपची खरोखर गरज आहे का, हे आधी ठरवा. लिखाण, हिशेब, ऑनलाइन वर्ग यांना प्रोसेसरमधली ग्राफिक्स पुरते. थ्रीडी डिझाइन शिकणाऱ्याची गोष्ट वेगळी.

बिलावर मशिनचा सीरियल नंबर आणि परत घेण्याची मुदत लिहून घ्या. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. माझ्या बहिणीकडे नुसती चिठ्ठी होती, तिच्यावर दुकानाचे नावसुद्धा नव्हते.

घरात असलेला लॅपटॉप गादीवर किंवा रजईवर ठेवून चालवू नका, हवेची भोके बंद होतात. आतली धूळ वर्षातून एकदा साफ करून घ्या. चिप गेली तरी हार्ड डिस्कमधली माहिती सहसा शाबूत असते, तेव्हा घाबरून सगळे पुसू देऊ नका.

भाच्याने जाहिरात टाकली. त्यात त्याने स्वतःच लिहिले, 'ग्राफिक्स चिप खराब, गरम हवा देऊन चालू केली आहे, केव्हाही बंद पडू शकते.' त्याच्या अब्बांना ते आवडले नाही. आठ दिवस कोणाचा फोन आला नाही. मग एका दुरुस्तीवाल्याने सुट्या भागांसाठी तो सहा हजारांना घेतला. १६ हजार गेले आणि बहिणीला ते अजून टोचतात. भिशीचा पुढचा नंबर यायला वेळ आहे, तोवर मुलगा संध्याकाळी कॉलेजच्या लॅबमध्ये थांबून काम करतो.

परवा तिने पुन्हा फोन केला. पुढच्या वेळी दुकानात मीही सोबत यावे, म्हणून. मी टीव्हीची केबल पिशवीत ठेवून दिली आहे.